घाटातच मिस मारणारी गाडी

माणगावहून पुण्याला येताना विळे मागे पडलं की ताम्हिणीचा चढ लागतो. तिसरा गिअर, चाळीसचा वेग, आणि अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की माझी गाडी एक झटका द्यायची. मग आणखी एक. मागून कुणी टपली मारावी तसा. पाय थोडा वर घेतला की लगेच गुळगुळीत. मुळशीच्या सपाटीवर आलं की काही झालंच नाही असा आव. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बोनेट उघडलं, गाडी चालू केली, तर शिलाई मशीनसारखी एका लयीत. गॅरेजवाल्याने दोनदा रेस करून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, गाडीत काहीच नाही. पेट्रोल कुठे भरलं होतं?"

गाडी २००३ सालची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. दोष सापडायला चार महिने लागले आणि त्यातले साडेतीन मी चुकीच्या वाटेने घालवले. "काय बिघडलंय" हे विचारत राहिलो, "कधी बिघडतं" हे कुणी विचारलंच नाही, मीही नाही. अधूनमधून मिस मारणाऱ्या गाडीत या दुसऱ्या प्रश्नातच निम्मं उत्तर असतं. ते का, हे कळायला इंजिनाच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

चार ठोक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा जाळ होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा, चार सिलिंडर मिळून १०० वेळा. यातला एखादा जाळ झाला नाही की त्याला मिसिंग म्हणायचं. शंभरातला एक गेला तर काय कळणार, असं वाटतं. पण ढोल पथकात पन्नास जण वाजवत असताना एकाचा ठोका चुकला तरी पुढे उभ्या माणसाला कळतंच ना, तसंच शरीराला हे कळतं. तीन सिलिंडरच्या गाडीत तर फारच कळतं, कारण तिथे एक सिलिंडर म्हणजे ताकदीचा तिसरा हिस्सा.

जाळ होण्यासाठी तीनच गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, पुरेसा दाब, आणि वेळेवर पडलेली दमदार ठिणगी. यातली एखादी कायमची गेली असेल तर शोधणं सोपं. सिलिंडर सतत बंद, गाडी सतत थरथरते, कुठलाही फिटर अर्ध्या तासात बोट ठेवतो. खरी पंचाईत अधूनमधूनच्या मिसिंगची. तिथे कुठलाही भाग मेलेला नसतो, काठावर असतो. रोजच्या कामात निभावून नेतो आणि एखादी परिस्थिती आली की तोल जातो. ती परिस्थिती चढाची असेल, पावसाची, उन्हाची, किंवा सिग्नलला एसी लावून उभं राहण्याची. गॅरेजच्या शेडमध्ये मोकळं चालणारं इंजिन यातलं काहीच अनुभवत नाही. म्हणून तिथे "काहीच नाही" हे उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं.

चढावर ठिणगीला जास्त ताण का पडतो

माझ्या गाडीचं सगळं रहस्य याच एका मुद्द्यात होतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगच्या टोकाला दोन इलेक्ट्रोडमध्ये साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटरची फट असते, गॅरेजच्या भाषेत गॅप. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये हजारोंच्या घरात चढतात आणि ही फट ओलांडून ठिणगी पडते. आता ही फट ओलांडायला किती व्होल्ट लागतील हे ठरलेलं नसतं. मधली हवा जितकी दाट, तितके जास्त. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच हा हिशोब मांडून ठेवला: वायूचा दाब आणि फटीचं अंतर यांच्या गुणाकारावर ठिणगीला लागणारे व्होल्ट अवलंबून असतात.

उघड्या हवेत एक मिलिमीटरची फट तीन-चार हजार व्होल्टमध्ये ओलांडता येते. सिलिंडरच्या आत, पिस्टनने मिश्रण दाबल्यावर, तीच फट दहा हजारांच्या वर मागते. आणि चढावर? तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर खाली दाबता म्हणजे थ्रॉटलची झडप उघडता. सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते, दाबल्यावर ती आणखी दाट होते, आणि मागणी वीस हजारांच्या आसपास किंवा वर जाते. सपाटीवर रमतगमत चालताना जेमतेम पुरणारी ठिणगी तिथे कमी पडते.

यात वेगाचा संबंध कमी, भाराचा जास्त. हे तपासायची सोपी युक्ती आहे. ज्या वेगात तिसऱ्या गिअरला झटके येतात त्याच वेगात दुसरा गिअर टाका. इंजिनाचे फेरे वाढतील, पण अ‍ॅक्सिलरेटर कमी दाबावा लागेल. झटके थांबले तर संशय भारावर, आणि भार म्हटलं की आधी ठिणगीकडे बघायचं. मी हे दिवे घाटात सकाळी सहाला, मागे गाडी नसताना करून पाहिलं. तिसऱ्यात झटके, दुसऱ्यात एकही नाही. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो दोष माझ्या हुकमावर आला होता.

यावरून आपल्याकडची एक लाडकी चाचणी किती तोकडी आहे तेही कळेल. फिटर प्लग बाहेर काढतो, वायरला जोडून इंजिनाच्या धातूला टेकवतो, सेल्फ मारायला सांगतो, आणि निळी ठिणगी दाखवत म्हणतो, "करंट मस्त आहे." अहो, ती उघड्या हवेतली ठिणगी आहे. तिने तीन-चार हजार व्होल्टची परीक्षा दिली, पेपर वीस हजारांचा आहे. ठिणगी अजिबात पडली नाही तर चाचणीचा उपयोग. पडली तर तिच्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. शिवाय नव्या इलेक्ट्रॉनिक कॉइलचा शॉक जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांपेक्षा फार वाईट असतो, आणि जवळ पेट्रोलची वाफ असली तर आगीचीही भीती. पेसमेकर असलेल्या माणसाने तर चालू इंजिनाच्या या वायरींजवळ जाऊच नये.

ठिणगी अशक्त होण्याची कारणं साधी असतात. प्लग जुना झाला की इलेक्ट्रोड झिजतात, फट वाढते, मागणी वाढते. साध्या निकेलच्या प्लगचं आयुष्य ३० ते ४० हजार किलोमीटर धरावं. प्लगच्या वायरी आतून तुटत येतात, त्यांची ताकद रोधात खर्च होते. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाची, कॅप आणि रोटर झिजतात. आणि मग वीज वाट चुकते, म्हणजे फटीतून जायच्या ऐवजी बाहेरूनच कुठेतरी इंजिनाच्या धातूत उतरते. याकडे परत येऊ.

पाऊस, ऊन आणि सिग्नल

पावसाळ्यात किंवा पहाटेच्या दवात सुरुवातीची दहा मिनिटं गाडी मिस मारते आणि मग ठणठणीत होते? तिथे जवळजवळ नेहमी विजेचं इन्सुलेशन दोषी असतं. वायरींवर, कॉइलवर, कॅपवर साचलेली धूळ आणि तेल यांचा थर कोरडा असताना गप्प असतो, ओला झाला की वीज वाहून नेतो. इंजिन तापलं, ओल उडाली, की तक्रार संपली. रात्री पार्किंगच्या जागेतले दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून, इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारतो त्या स्प्रेच्या बाटलीने वायरींवर हलका फवारा मारायचा. कुठे निळसर चमक दिसली किंवा टिक्-टिक् आवाज आला की ती जागा सापडली. हात, ओढणी, सैल बाही पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवायची, आणि वायरींना हात लावायचा नाही.

उलट प्रकार उन्हाचा. थंड असताना गाडी सुरेख, तासभर चालवून, ट्रॅफिकमध्ये तापवून मग झटके. इथे कॉइलवर संशय घ्यावा. आतल्या बारीक तारांना किंवा त्यांच्या आवरणाला चीर असली की उष्णतेने ती रुंदावते. दुसरा संशयित क्रँक सेन्सर, जो इंजिन नेमकं कुठल्या कोनात आहे हे संगणकाला सांगतो. या दोघांतला फरक बारकाईने पाहिला तर बसल्या जागेवरून कळतो. एकाच सिलिंडरचं मिसिंग ठेक्यात येतं, लंगडणाऱ्या माणसाच्या पावलांसारखं. क्रँक सेन्सर गेला की सगळी सिलिंडरं एकदम बंद होतात, आणि गाडी पळत असतानाही टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा धप्पकन शून्यावर पडतो. असा काटा पडलेला दिसला तर प्लग बदलण्यात पैसे घालवू नका. गरम झाल्यावरचा दोष गॅरेजमध्ये आणायला घरातला हेअर ड्रायर पुरतो: थंड गाडीत संशयित भागालाच हळूहळू गरम करत बघायचं.

सिग्नलला उभं असताना थरथर आणि वेग घेतला की छान, असं असेल तर ठिणगी बाजूला ठेवून हवेकडे बघायचं. आयडलला, म्हणजे पाय न लावता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) बाहेरच्या दाबाच्या तिसरा हिस्सा वगैरेच दाब असतो. म्हणजे आत चांगलीच ओढ असते. एखादा रबरी पाइप कडक होऊन तडकला, मॅनिफोल्डचं पॅकिंग सुटलं, की तिथून हवा आत ओढली जाते, फिटरच्या शब्दांत "इंजिन एअर घेतंय". आयडलला लागणारी हवाच मुळात थोडी, त्यामुळे ही चोरटी हवा मोठी ठरते आणि मिश्रण पातळ होऊन पेटत नाही. थ्रॉटल उघडला की ओढही कमी आणि एकूण हवाही भरपूर, मग गळती कुणाच्या लक्षातही येत नाही. मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या गाड्यांत (आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्या याच जातीच्या) असं भोक पडलं तर कधीकधी मिसिंगऐवजी आयडलच वाढतं. पण भोक एखाद्याच सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर तेवढंच सिलिंडर उपाशी राहतं. शोधायला कार्ब क्लीनर फवारतात, पण तो पेट घेतो, म्हणून तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपाजवळ मला ते कधीच पटलं नाही. साध्या पाण्याचा बारीक फवारा मारूनही आवाजात फरक पडतो.

आणखी एक. सगळीच थरथर म्हणजे मिसिंग नव्हे. इंजिनाचं रबरी माउंटिंग बसलं की सिग्नलला स्टिअरिंग आणि सीट थरथरतात, तरी इंजिन आत व्यवस्थित पेटत असतं. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरून पाहा. निरोगी इंजिन त्याला एकसारखं फडफडवतं. मिस मारणारं मधेच एक धाप चुकवतं. आणि कागद मधूनमधून आत ओढला जात असेल तर व्हॉल्व्हचा संशय.

पेट्रोलवर आळ

आपल्याकडे मिसिंगचा पहिला आळ पंपावर येतो. कधी खराही असतो. पण पेट्रोल कमी पडण्याची चाल वेगळी असते. फिल्टर तुंबला किंवा पंप थकला तर गाडी एकदम झटका देत नाही, तिचा दम कोंडतो. चढावर पाय दाबून ठेवला की पहिले काही सेकंद ठीक, मग ताकद हळूहळू ओसरते. ठिणगीची चूक तत्काळ असते, पाय दाबला की लगेच आणि तोडून टाकल्यासारखी. माझे झटके दुसऱ्या प्रकारचे होते. तरीही मी फिल्टर बदलला आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करून घेतले, कारण गॅरेजमध्ये त्या महिन्यात साफसफाईची ऑफर होती. असो.

इथेनॉलचा प्रश्न मात्र जुन्या गाडीवाल्यांनी समजून घ्यावा असा आहे. वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि आता तेच सर्वत्र मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ पट. त्यामुळे मिश्रणाचं गणित साडेतेराच्या आसपास येतं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर (ऑक्सिजन सेन्सर) असलेली गाडी हा आठेक टक्क्यांचा फरक स्वतः सावरते, थोडं जास्त पेट्रोल सोडते. जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं जेट म्हणजे मापाचं भोक, ते काय सावरणार? तिथे मिश्रण तेवढं पातळ होतं, आणि पातळ मिश्रण पेटवायला कठीण. आधीच काठावर असलेली ठिणगी इथे उघडी पडते. दुसरं, इथेनॉल पाणी शोषतं. गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीने उभी राहिली आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंपाचं तोंड तळाशीच असतं. म्हणून बंगल्यात उभ्या असणाऱ्या गाडीचं मिसिंग आणि रोज चालणाऱ्या गाडीचं मिसिंग एकाच नजरेने बघू नये.

सीएनजीवाल्यांकडे तर घरबसल्या चाचणीच आहे. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून त्या गाड्यांत प्लगची गॅप थोडी कमी ठेवतात. सीएनजीवर मिस मारते, बटण दाबून पेट्रोलवर घेतली की थांबते, असं दिसलं की लोक सीएनजी किटवाल्याकडे धावतात. किट दोषी असूही शकतं, पण आधी प्लग आणि वायरी बघा. अशक्त ठिणगी आधी सीएनजीवर उघडी पडते. पेट्रोलवरची तक्रार काही महिन्यांनी येणारच असते.

स्कॅनर काय सांगतो, काय नाही

भारतात एप्रिल २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लावला तर संगणक मिसिंगची नोंद दाखवतो. पी०३०१ म्हणजे पहिलं सिलिंडर, पी०३०३ म्हणजे तिसरं, पी०३०० म्हणजे कुठलंही एक नाही, विखुरलेलं. संगणकाला हे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, फिरण्यावरून कळतं: जाळ चुकला की तेवढ्यापुरता वेग किंचित पडतो, आणि सेन्सर तो पकडतो. चेक इंजिनचा दिवा नुसता लागण्याऐवजी लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यावी. याचा अर्थ न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय, आणि आतली जाळी वितळू शकते. तो भाग सगळ्या प्लग-वायरींपेक्षा कितीतरी महाग.

पण स्कॅनर फसवतोही, आणि फसवण्याची पद्धत मजेशीर आहे. ठिणगी न पडल्यामुळे जाळ चुकला तर त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो. पेट्रोलही बाहेर पडतं, पण ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, नावाप्रमाणे फक्त ऑक्सिजन दिसतो. तो संगणकाला कळवतो, "मिश्रण पातळ आहे." संगणक बिचारा आणखी पेट्रोल सोडतो. स्क्रीनवर येतं पी०१७१, मिश्रण पातळ. आणि फिटर इंजेक्टर साफ करायला घेतो. दोष प्लगमध्ये, बिल इंजेक्टरचं.

माझ्या २००३ च्या गाडीत असले नंबर मिळत नव्हते. तिथे वही-पेनच कामाला आलं. झटका आला की गाडी थांबवून तारीख, हवा, गिअर, वेग, चढ, एसी चालू की बंद, टाकी किती भरलेली, गाडी किती वेळ चाललेली, एवढं लिहायचं. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. नऊ चढावरच्या, दोन सपाटीवर ट्रक ओव्हरटेक करतानाच्या. अकराही वेळा पाय खोल दाबलेला. पाऊस कधी होता, कधी नव्हता. टाकीचा काही संबंध दिसला नाही.

ही वही घेऊन मी एका वयस्कर फिटरकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी वही वाचली, बोनेट उघडलंही नाही, आणि विचारलं, "पहिल्यांदा प्लग बदलले तेव्हा फरक पडला होता का?"

"पंधरा दिवस पडला होता मामा. मग परत सुरू."

"जुने प्लग टाकून दिले?"

सुदैवाने डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळून पडले होते. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक प्लग उन्हात धरून फिरवला. सगळे खालच्या टोकाकडे, इलेक्ट्रोडकडे बघतात: फिकट तपकिरी म्हणजे छान, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरंफटक म्हणजे मिश्रण पातळ, ओलं तेलकट म्हणजे ऑइल येतंय. मामा वरचा पांढरा भाग बघत होते, चिनीमातीचा. चौथ्या प्लगवर बोट थांबलं. वरच्या टोकापासून खाली षटकोनी धातूपर्यंत एक काळी रेघ होती, शिसपेन्सिलीने ओढावी इतकी बारीक. मी बोटाने पुसून पाहिली. जाईना.

"वीज आतून जायची सोडून इथून उतरतेय," मामा म्हणाले.

या रेघेला ट्रॅकिंग म्हणतात. चिनीमातीवर घाण किंवा तेल बसलेलं असतं, एखाद्या दिवशी मोठ्या मागणीच्या वेळी वीज त्यावरून सरकते, आणि जिथून सरकते तिथे थोडा कार्बन जळून उरतो. कार्बन वीज वाहून नेतो, म्हणून पुढच्या वेळी तीच वाट आणखी सोपी. शेतातून दोन माणसं गेली की पायवाट पडते आणि मग सगळं गाव तिथूनच जातं, तसं. आता विजेपुढे दोन वाटा: प्लगमधली फट किंवा बाहेरची पायवाट. आयडलला फटीची मागणी कमी, वीज सरळ मार्गाने जाते. चढावर फट वीस हजार मागते, पायवाट त्याहून कमीत सोडते. ज्या क्षणी पाय दाबला त्या क्षणी वीज बाहेरून पळाली. गॅरेजच्या शेडमध्ये ही गाडी मिस मारणार तरी कशी?

मग नवे प्लग घातल्यावर पंधरा दिवसांनी दुखणं परत का? मामांनी लावलेले प्लग काढले, ओळीने सिलिंडरच्या क्रमाने मांडले (जुने कुणी क्रमाने ठेवले नव्हते, म्हणून कुठला कुठला हे कळायची सोय नव्हती). तीन नंबरच्या नव्या प्लगवर तशीच रेघ, अजून केसाएवढी. मग तीन नंबरच्या वायरची रबरी प्लग कॅप उलटी करून आत टॉर्च मारला. आतल्या भिंतीवर रेघेचं दुसरं तोंड होतं. प्लग नवा बसला, पण पायवाटेचा अर्धा भाग रबरात तसाच, आणि त्याने नव्या चिनीमातीवर पुन्हा वाट पाडली. प्लगवर अशी रेघ दिसली तर प्लग आणि कॅप किंवा अख्खी वायर, दोन्ही एकदम बदलायची. एकच बदलली तर दुसरी तिला बिघडवते.

मी मधल्या काळात साडेतीन हजारांची कॉइलही बदलली होती. तीही गरज नव्हती, आणि ते आधी कळण्यासारखं होतं. या गाडीत दोन कॉइल, प्रत्येक कॉइल दोन सिलिंडरांची: एक आणि चार एकीकडे, दोन आणि तीन दुसरीकडे. कॉइल थकली असती तर दोन आणि तीन दोन्ही प्लगांनी त्रास दिला असता. रेघ एकट्या तीनवर. जोडीदार ठणठणीत असताना कॉइलला दोष कसा द्यायचा?

मामा तिथेही थांबले नाहीत. तीन नंबरच्या प्लगच्या खोल विहिरीत काठीला फडकं गुंडाळून घातलं, तर फडकं इंजिन ऑइलने काळं होऊन बाहेर आलं. विहिरीभोवतीचं व्हॉल्व्ह कव्हरचं सील कडक झालं होतं, ऑइल विहिरीत पाझरत होतं, ऑइलने कॅपचं रबर मऊ पडलं होतं आणि तिथून हे सगळं सुरू झालं होतं. सील काही शे रुपयांचं. ते न बदलता फक्त वायर बदलली असती तर वर्षभराने मी पुन्हा वही काढली असती.

हे सगळं करूनही एकाच सिलिंडरचं मिसिंग थांबलं नसतं तर पुढची पायरी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजण्याची, होती. प्लगच्या जागी गेज लावून सेल्फ मारतात. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत १५० ते १९० पीएसआय येतं, पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांत सारखेपणा महत्त्वाचा. एक बरंच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं: आकडा चढला तर पिस्टन रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. सीएनजीवर लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीत रुतत जातो, टॅपेटची फट (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला ढकलणारा भाग यांच्यातली) नाहीशी होते, आणि इंजिन तापून व्हॉल्व्हची दांडी लांबली की तो पूर्ण बंदच होत नाही. थंडपणी ठीक, गरमपणी आयडलला मिसिंग. लोक कॉइल बदलतात, हवं असतं टॅपेट सेटिंग. म्हणून अशा गाडीचं कॉम्प्रेशन गरम असतानाच मोजावं.

सील, चार वायरी आणि चार प्लग बदलून गाडी दिवे घाटात नेली. तिसरा गिअर, चाळीस, पाय तळापर्यंत. एकही झटका नाही. खाली आल्यावर मामांनी फोनवर एकच सांगितलं, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून वास घ्या. घेतला, तर ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. चार महिने तीन नंबरमधलं न जळलेलं पेट्रोल पिस्टन रिंगांवरून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळत होतं. ऑइल बदलायला अजून दोन हजार किलोमीटर बाकी होते. त्याच संध्याकाळी बदललं.